डावीकडचं पिल्लू

आमच्या ताईला ऑफिसात सगळे ‘दुर्बीण’ म्हणत, आणि ते नाव तिनं कमावलेलं होतं. एकतीस वर्षं ती हवामान केंद्राच्या गच्चीवर उभी राहून आकाश बघत आली. ढग किती, कुठल्या जातीचे, केवढ्या उंचीवर, वारा कुठून, पलीकडच्या टेकडीवरचा मनोरा दिसतो की नाही, हे सगळं ठरलेल्या वेळी पेन्सिलीनं नोंदवहीत लिहायचं. मी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, त्याच ऑफिसात, खालच्या मजल्यावर. तिनं लिहिलेलं तपासायचं, महिन्याचा तक्ता करायचा आणि मुख्य कार्यालयाला पाठवायचा, हे माझं काम. ती बघणार आणि मी तिच्या चुका काढणार. चुका सापडत नसत. त्यामुळे माझं काम सोपं होतं, आणि त्याचाच मला राग यायचा.

खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यांवर माझा लहानपणापासून राग. घरात सुई हरवली की ताईला हाक. लांबून येणारी बस कुठली, ताईला विचारा. मला सातव्या वर्षी चष्मा लागला तेव्हा आई म्हणाली होती, “एकीनंच दोघांचे घेतले.” आई हसत म्हणाली होती, पण मी ते काही विसरलो नाही.

खळी आणि पिल्लं हा तर ताईचा खास प्रांत. आमच्या डोंगरातल्या गावात थंडीत बर्फ पडतो. त्या दिवसांत कधीकधी फार उंचावर पातळ ढग पसरतो, इतका पातळ की नवख्याला तो दिसतही नाही. तो सगळा बर्फाच्या बारीक कणांचा असतो. त्यातून ऊन आलं की सूर्याभोवती मोठं गोल खळं पडतं, आणि नशीब असेल तर सूर्याच्या डावीउजवीकडे, त्याच्याच उंचीवर, दोन झगझगीत ठिपके उमटतात. एकदम तीन सूर्य उगवल्यासारखे वाटतात. पुस्तकात त्यांना प्रतिसूर्य म्हटलंय. ताई त्यांना पिल्लं म्हणायची. “आज पिल्लं घेऊन आलाय!” असं ती जिन्यातून ओरडायची, आणि आम्ही हातातलं काम टाकून वर पळायचो.

बघायचं कसं तेही तिनंच मला शिकवलं. गच्चीवर वारा मोजायच्या यंत्राचा लोखंडी खांब आहे. त्याच्या सावलीत उभं राहायचं, म्हणजे सूर्य खांबामागे जातो आणि डोळे दिपत नाहीत. मग हात ताठ करून वीत पसरायची. अंगठा सूर्यावर धरला की करंगळी पिल्लावर टेकते. “आधी झाक, मग बघ, मग लिही,” ती म्हणायची. “आणि जे दिसलं तेच लिही. का दिसलं ते वरचे बघतील.”

दुसरा नियम खोडरबराचा. नोंदवहीत खोडाखोड चालत नाही. चुकलं तर आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही करायची. चूक वाचता आली पाहिजे, असा त्या नियमाचा अर्थ. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी ताईनं माझ्या टेबलावरचं खोडरबर उचललं आणि सगळ्यांसमोर खिडकीबाहेर टाकलं. सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते.

पाच महिन्यांपूर्वी मला तिची पहिली चूक सापडली. संध्याकाळची नोंद होती. ढगांच्या रकान्यात शून्य, म्हणजे आकाश स्वच्छ. आणि शेऱ्याच्या रकान्यात तिच्या ठसठशीत अक्षरात: ‘चंद्राभोवती लहान कडं, बाहेरून तांबडं. ढग दिसत नाही, तरीही कडं.’

असं कडं पडतं, नाही असं नाही. पातळ ढगातून चंद्र बघितला तर त्याच्या अगदी जवळ असं रंगीत लहान कडं दिसतं. पण त्याला ढग लागतो. ढगाशिवाय कडं म्हणजे पाण्याशिवाय भिजणं. त्या संध्याकाळी घरी जाताना मी स्वतः चंद्र बघितला होता, लख्ख, धुतल्यासारखा. मी वही घेऊन वर गेलो, तिला विचारायचं असं ठरवून. ताई खुर्चीत बसून डाव्या भुवईवर अंगठा दाबत होती.

“काय रे?”

“काही नाही. डोकं दुखतंय का?”

“संध्याकाळचं जरा दुखतं हल्ली. वय झालं, दुसरं काय.”

मी विचारलं नाही. का विचारलं नाही, याला मी पुढे पुष्कळ उत्तरं तयार केली, पण खरं उत्तर एवढंच आहे की आयुष्यात पहिल्यांदा तिची चूक माझ्या हातात आली होती, आणि ती मला थोडे दिवस माझ्यापाशी ठेवायची होती.

पुढच्या आठवड्यात आणखी एक. मग त्या महिन्यात तिसरी. प्रत्येक वेळी तेच, ढग नाही, तरीही कडं. तेव्हा मात्र माझी गंमत उतरली, कारण तपासणीची तारीख लागली होती. आमच्या तपासनिसाला आम्ही ‘भिंग’ म्हणतो. तो खरोखरच खिशात भिंग घेऊन येतो. शेजारच्या केंद्रावरच्या एका जुन्या माणसाच्या वहीवर त्यानं ‘कल्पित नोंदी’ असा शेरा मारला होता, आणि तो माणूस पुढे कुणाला तोंड दाखवेना. ताईची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. एकतीस वर्षांच्या शेवटी तिच्या नावापुढे ते दोन शब्द लागावेत, हे मला बघवलं नसतं.

मला वाटलं, भावजी गेल्यापासून एकटी असते, संध्याकाळी गच्चीवर रेंगाळते, मन रमवायला काहीबाही बघते. तिच्या डोळ्यांत काही बिघडलं असेल ही शंका मला शिवलीसुद्धा नाही. सूर्य बिघडेल, ताईचे डोळे बिघडणार नाहीत, असं आमच्या घरात ठरूनच गेलं होतं.

मी खोडरबर विकत आणलं. ऑफिसात ते नव्हतंच. दुपारी सगळे जेवायला गेले की मी शेऱ्याचा रकाना साफ करायचो, हलक्या हातानं, कागद न खरवडता. ताई मागची पानं कधी उघडत नसे. आपण लिहिलेलं बरोबरच असतं हे तिला माहीत होतं. भिंग आला, पानं उलटली, “तुमच्या ताईंची वही म्हणजे आरसा,” म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मला मेडल मिळाल्यासारखं वाटलं. त्यानंतरही नोंदी येत राहिल्या आणि मी खोडत राहिलो. एकूण अकरा.

मधे एकदा ती सहज म्हणाली होती, “समोरच्या बेकरीच्या दिव्यालाही कडं दिसतं आजकाल. धुकं वाढलंय नाही?”

“चष्मा लाव, म्हणजे धुकं जाईल,” मी म्हणालो. फार विनोदी होतो मी तेव्हा. ती हसली, आणि मग थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी खाली निघून आलो.

आणखी एक सवय तिला लागली होती. मुख्य कार्यालयाचं टपाल आलं की ती जिना उतरून स्वतः खाली यायची आणि पाकिटं फोडायची. परिपत्रकं, सुट्ट्यांची यादी, नव्या थर्मामीटरचं पत्र. सगळं वाचून परत पाकिटात घालायची. “कशाची वाट बघतेस?” मी एकदा विचारलं. “कशाची नाही,” ती म्हणाली. मी म्हटलं, बढतीची असेल.

मग ती सकाळ आली. साडेआठच्या नोंदीची वेळ, हाडं गोठवणारी थंडी. बेकरीवाला फावडं घेऊन दारासमोरचा बर्फ काढत होता, तो एकदम रस्त्यातूनच ओरडला, “ओ दुर्बीणबाई! तीन सूर्य आलेत! बघताय ना?”

मी कोट अडकवत वर पळालो. असं आकाश मी आयुष्यात दोनतीनदाच बघितलं असेल. खळं पूर्ण गोल, वर त्याला टेकलेली उलटी कमान, आणि दोन्ही बाजूंना पिल्लं, आतून तांबडी, बाहेर पांढरी शेपटी ओढलेली. रस्त्यावर माणसं थांबून हातांनी डोळ्यांवर आडोसा करून बघत होती. ताई खांबाच्या सावलीत वही छातीशी धरून उभी होती.

“बघ, आज एकटंच आलंय,” ती म्हणाली. “उजवीकडचं. रंग बघ काय आहे!”

मला वाटलं, थट्टा करतेय. “आणि डावीकडचं?”

“नाहीये ना. तिकडे ढग फाटला असेल.”

डावीकडचं उजवीकडच्यापेक्षा जास्त झगझगत होतं. त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघवत नव्हतं.

“ताई, नीट बघ.”

तिनं मान वळवली आणि दचकली. “अगं बाई! आत्ता आलं की हे.”

“आत्ता नाही आलं.”

“आत्ताच आलं. मी मघापासून इथंच उभी आहे, मला सांगू नकोस.” तिचा आवाज चढला होता. ती चिडली की मीही चिडतो, पण या वेळी मला चिडता आलं नाही.

“एक कर,” मी म्हणालो. “परत खांबाकडे बघ. नुसतं खांबाकडे.”

“कशाला?”

“बघ तर.”

ती खांबाकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या डाव्या बाजूला, दोन पावलं पुढे गेलो आणि हात वर करून हलवू लागलो. आधी सावकाश, मग जोरात, निरोप देताना हलवतात तसा. खालचा बेकरीवाला मलाच हात करतोय असं समजून उलट हात हलवायला लागला.

“बघतेय,” ताई म्हणाली. “पुढे काय? नुसता हात खिशात घालून उभा राहणार आहेस की काही बोलणार आहेस?”

मी हात खाली घेतला. तिला म्हटलं, कोट घाल, आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोय. ती नाही म्हणाली, नोंद पूर्ण व्हायची होती. मी तिच्या हातातून वही घेतली, तिनं ती सोडली. असं याआधी कधी घडलं नव्हतं. ती आवरत होती तेवढ्यात मी खाली येऊन मागची पानं उघडली. अकरा ठिकाणी कागद जरा करडा, जरा विरलेला. पान खिडकीशी तिरकं धरलं तर तिच्या दाबून लिहिलेल्या अक्षरांचे खळगे अजून दिसत होते. ढग दिसत नाही, तरीही कडं. चंद्राभोवती कडं, दिव्याभोवती कडं, संध्याकाळची डोकेदुखी. हे सगळं माझ्यासमोर पाच महिने पडलेलं होतं, आणि मी ते घासून काढलं होतं.

दवाखान्यात तिला एका अंधाऱ्या खोलीत मशीनसमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि आजूबाजूला कुठेही दिवा चमकला की बटण दाबायचं. मी दाराबाहेर बसलो होतो. बटणाचा टिक असा आवाज बाहेर यायचा. टिक, टिक. मग बराच वेळ काही नाही. मग एक टिक. मग पुन्हा काही नाही. मी आतल्या आत म्हणत होतो, दाब, अगं दाब. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, “मशीन बिघडलंय यांचं. मधे मधे दिवे लागतच नव्हते.”

डॉक्टर तिशीतल्या बाई होत्या, शांत आवाजाच्या. त्यांनी आम्हाला टेबलासमोर बसवलं. ताई मधल्या खुर्चीत, मी तिच्या डावीकडे. कागद समोर ठेवून त्यांनी सरळ सांगितलं. डोळ्यांच्या आतला दाब फार वाढलाय. डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्याची नाकाकडची बाजू गेलीय. गेलं ते परत येत नाही. उजव्यात जे उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करायचा, त्यासाठी आजच उपचार सुरू करायचे.

ताई ताठ बसली होती. “टिकेल?”

“बहुतेक टिकेल. किती, ते आज सांगता येणार नाही. एक सांगा, मधल्या काळात दिव्याभोवती, चंद्राभोवती रंगीत कडी दिसायची का? संध्याकाळी, डोकं दुखत असताना?”

“दिसायची.”

“कधीपासून? आठवतंय? असा दाब थांबून थांबून चढतो, आणि चढला की तशी कडी दिसतात. सुरुवातीलाच आलं कुणी, तर लेझरनं बारीकसं छिद्र पाडून पुष्कळदा भागतं. किती वेळा झालं ते कळलं तर मला अंदाज येईल.”

“आठवायला कशाला हवं,” ताई म्हणाली, आणि तिच्या आवाजात तो जुना तोरा परत आला. “तारखेनिशी मिळेल. प्रत्येक वेळी मी लिहून ठेवलंय, शेऱ्याच्या रकान्यात. ऑफिसात फोन लावा, वही उघडून कुणीही वाचून दाखवेल. नाहीतर यालाच विचारा, हा तपासतो.”

मला म्हणता आलं असतं, वही ऑफिसात आहे, उद्या आणतो. आणि उद्यापर्यंत त्या खळग्यांमधून पेन्सिल फिरवून अकराच्या अकरा नोंदी परत उभ्या करता आल्या असत्या. तिचं अक्षर मला येतं. लहानपणी मी तिच्या वह्या उतरवून काढायचो. हा सगळा बेत माझ्या डोक्यात एका दमात तयार झाला, आणि तो इतका सोपा होता की मला माझीच भीती वाटली.

मी तारखा सांगायला सुरुवात केली. पहिली, दुसरी, तिसरी. डॉक्टर लिहून घेत होत्या. अकरावी सांगून झाली तेव्हा खोलीत नुसता पेनाचा आवाज येत होता. ताईनं मान वळवली. नुसते डोळे नाही, पूर्ण मान आणि थोडे खांदेसुद्धा, तेव्हा कुठे मी तिला दिसलो.

“तुला कशा पाठ?”

“मी खोडल्या, ताई.”

“खोडल्यास म्हणजे? आडवी रेघ मारलीस?”

“खोडरबरानं.”

तिला ते समजायला वेळ लागला. “खोडरबर कुठून आणलंस?”

“विकत आणलं.”

डॉक्टर खाली कागदाकडे बघत राहिल्या. मी भडाभडा बोलत सुटलो, भिंग, कल्पित नोंदी, निवृत्ती, तिचं नाव. बोलता बोलता मलाच ऐकू आलं की मी भाऊ म्हणून नाही, कारकून म्हणून बोलतोय. मग रडू फुटलं आणि बोलणं तुटलं. ताई रडली नाही.

“वाचलं होतंस?” तिनं विचारलं. “खोडायच्या आधी?”

“हो.”

“अकराही वेळा?”

“हो.”

“मला शंका यायची रे,” ती म्हणाली. “मलाही कळतं की ढगाशिवाय कडं पडत नाही. पण तोंडानं बोलले असते तर ते खरं झालं असतं. म्हणून लिहिलं. म्हटलं, वाचून कुणी ना कुणी विचारेलच, बाई, तुला बरं आहे ना? वरून पत्र येईल. नाहीतर खालून तू येशील. टपाल आलं की मी आधी पाकिटं फोडायचे.”

मला तिच्याकडे बघवेना.

“उद्या अकराही परत लिहायच्या,” ती म्हणाली. “शाईनं. शेजारी सही तुझी, तारीख उद्याची. आणि तक्ते दुरुस्त करून वर पाठवायचे.”

“ताई, ते विचारतील, का खोडल्या म्हणून.”

“का, ते वरचे बघतील. तू केलंस ते लिही.”

डॉक्टर उठल्या. तिची मान मागे टेकवून त्यांनी दोन्ही डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, आणि तासभर इथंच बसा म्हणाल्या. आम्ही बाहेरच्या बाकांवर येऊन बसलो. मी सवयीनं तिच्या डावीकडेच बसलो होतो. ती डोळे मिटून होती, गालावरून औषध ओघळत होतं, आणि ते पुसायची माझी हिंमत होत नव्हती. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, समोर बघितलं, मग हात लांब करून डावीकडची हवा चाचपली. माझी बाही तिच्या हाताला लागली.

“ऊठ तिथून,” ती म्हणाली. “इकडे येऊन बस, उजवीकडे. तिथं तू मला दिसत नाहीस.”

मी उठलो आणि तिच्या पुढून वळसा घालून पलीकडे जाऊन बसलो.